काळा पाव आणि यंत्राचे घड्याळ

राय हे धान्य मराठी माणसाला भेटते ते शब्दकोशात, किंवा मोठ्या शहरांतल्या दुकानांत आयात मालाच्या फळीवर. आपल्या शेतात ते नाही, म्हणींत नाही, जात्यावरच्या ओव्यांतही नाही. त्यामुळे घोटाळा नावापासूनच सुरू होतो. आपली राई म्हणजे बारीक मोहरी, नाहीतर दाट झाडी. राय या दोन्हींहून निराळी. गहू आणि जव यांच्या कुळातले, लांबट, करड्या-हिरवट दाण्याचे हे धान्य आहे. रशियन भाषेत त्याला 'रोश' म्हणतात आणि त्याच्या पावाला 'काळा पाव'.

रशियनमधला 'ख्लेब' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. ताटातला पाव म्हणजे ख्लेब आणि शेतात उभे असलेले धान्यही ख्लेबच. पाहुण्याचे स्वागत नक्षीदार कापडावर ठेवलेल्या पावाने आणि मिठाने करतात आणि आतिथ्यालाच 'ख्लेब-सोल', म्हणजे पाव-मीठ, असे नाव आहे. मराठीत हे काम 'भाकरी'ने केले. पोटापाण्याच्या सगळ्या गोष्टी आपण भाकरीच्या भाषेत बोलतो. 'पाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, तो गव्हाचा म्हणून आला आणि तसाच राहिला. म्हणूनच पाव म्हटले की आपल्या मनात मऊ, फुगीर, ओढला की धागे सुटणारा पदार्थ येतो. काळ्या पावाच्या बाबतीत ही कल्पना बाजूला ठेवावी लागते. तो जड, ओलसर, आंबटगोड आणि घट्ट असतो. सुरीने पातळ कापला तरी कमान न होता ताठ उभा राहतो.

हा पाव घरातल्या पाव-यंत्रात भाजता येतो का, असा प्रश्न मला गेली काही वर्षे पडला आहे. उत्तर 'येतो' असेच आहे. पण यंत्रावरचे एकच बटण दाबून येत नाही. ते का, हे शोधताना धान्याचा इतिहास, पिठाचे रसायन आणि यंत्राची जन्मकथा अशा तीन वाटा एकत्र येतात. या लेखात त्या तिन्ही वाटांनी जायचे आहे.

तणाचे धान्य झाले

निकोलाय वाविलोव हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ १९१६ साली इराण आणि पामीरच्या डोंगराळ भागात गेला होता. तिथे गव्हाच्या शेतात राय तण म्हणून उगवते आणि शेतकरी ती उपटून टाकू पाहतात, हे त्याने पाहिले. जसजसे उंचावर जावे तसतसा गहू थंडीने हटतो आणि त्याच शेतात रायचे प्रमाण वाढत जाते. अखेर एका उंचीवर शेतकरी तणालाच पीक म्हणून स्वीकारतो. यावरून वाविलोवने मांडले की राय हे मुळात पेरून निवडलेले धान्य नाही. ते गव्हा-जवाच्या बियाण्यात मिसळून प्रवास करत आले आणि जिथे मुख्य पीक हरले तिथे त्याने जागा घेतली. अशा धान्यांना त्याने दुय्यम पिके म्हटले.

उत्तरेकडे सरकताना उंचीवरची हीच गोष्ट घडली. मध्य आणि उत्तर रशियाची जमीन रेताड, आम्लयुक्त आणि हलकी. उन्हाळा आखूड आणि हिवाळा निष्ठुर. गव्हाचे तिथे हाल होतात. हिवाळी राय मात्र शरद ऋतूत पेरली जाते, कोवळ्या रोपाच्या रूपात बर्फाखाली झोपते आणि वसंतात पुन्हा उठते. तृणधान्यांत थंडी सोसण्यात तिचा हात धरणारे दुसरे नाही. तीन शेतांच्या फेरपालटात एका शेतात हिवाळी राय, दुसऱ्यात ओट किंवा जव आणि तिसरे पडीक, या चक्रावर रशियन खेडे शतकानुशतके जगले. पांढरा पाव हा सणाचा आणि शहरी श्रीमंतांचा. रोजचा पाव काळा.

कोकणातल्या वरकस जमिनीवर नाचणीने आणि देशावरच्या अवर्षणात ज्वारी-बाजरीने जे काम केले, तेच उत्तरेत रायने केले. आणखीही एक साम्य आहे, ते पीठ भिजवताना कळते.

चिकट, पण चिवट नाही

गव्हाच्या पिठात पाणी घालून ते तिंबले की त्यातील दोन प्रकारची प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे जाळे तयार होते. हे जाळे रबरासारखे ताणले जाते आणि यीस्टने सोडलेला वायू त्यात अडकून पीठ फुगते. कणीक जितकी तिंबावी तितकी ती चिवट होते, हे पोळी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

रायमध्येही ग्लुटेनच्या जातीची प्रथिने आहेत, म्हणून ग्लुटेन न सोसणाऱ्या रुग्णांना ती वर्ज्यच. पण या प्रथिनांचे जाळे बनत नाही. कारण रायमध्ये पेन्टोसन नावाच्या डिंकासारख्या शर्करा-साखळ्या गव्हाच्या दुपटीहून अधिक असतात. त्या स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी पितात, बुळबुळीत होतात आणि प्रथिनांना एकमेकांपर्यंत पोचू देत नाहीत. रायचे भिजवलेले पीठ हाताला ओल्या मातीसारखे चिकटते, पण ताणले की तुटते. ते कितीही मळले तरी चिवट होणार नाही. उलट फार मळल्यास अधिकच गिळगिळीत होते.

ज्वारी-बाजरीच्या भाकरीतही ग्लुटेन नसते. पिठाची विरी गेली असेल तर आपण उकळते पाणी घालतो किंवा उकड काढतो. त्या उष्णतेने पिठातील स्टार्च फुलतो आणि गोळा बांधला जातो. म्हणजे गव्हाखेरीजच्या धान्याला बांधून ठेवायला पाणी, उष्णता आणि स्टार्च लागतात, ही समज आपल्या स्वयंपाकघरात आहेच. रशियन पावकऱ्यानेही याच मार्गाने उत्तर शोधले. फक्त त्याने त्यात आंबवण आणि फार मोठा वेळ घातला.

आंबवण का लागते, याचे कारण भट्टीच्या आत घडते. रायमध्ये अमायलेज हे स्टार्चचे तुकडे करून साखर बनवणारे विकर भरपूर असते. भट्टीत पीठ तापत जाते तसा रायचा स्टार्च साधारण ५५ ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फुलून मऊ होतो. नेमक्या त्याच वेळी अमायलेज अजून जिवंत असते. ते ७५ ते ८० अंशांच्या आसपास निकामी होते. या मधल्या काळात ते फुललेल्या स्टार्चवर तुटून पडते. ज्या स्टार्चने पावाचा गर तोलून धरायचा, तोच पाणी-पाणी होतो. परिणामी वरून भाजलेला, आतून चिकट लापशीसारखा आणि कवचाखाली पोकळी पडलेला पाव मिळतो.

आम्लात मात्र हे विकर मंदावते. पिठाचा आम्लांक ४.५ च्या खाली गेला की अमायलेजचा जोर ओसरतो आणि स्टार्च वाचतो. काळ्या पावाचा आंबटपणा आधी रचना टिकवण्यासाठी असतो. चव ही त्याची देणगी. नुसते यीस्ट घातलेला पूर्ण रायचा पाव फुगेलही, पण त्याला आतून आधार राहणार नाही.

आंबट आणि गोड

हे आम्ल देणारे आंबवण म्हणजे रायचे पीठ आणि पाणी यांत वाढवलेले लॅक्टिक जिवाणू आणि रानटी यीस्ट यांचे मिश्रण. रशियन घरांत पीठ आंबवण्यासाठी 'क्वाश्न्या' नावाचे लाकडी भांडे असे. ते पूर्ण धुऊन काढत नसत. कडेला चिकटलेले पीठ पुढच्या वेळचे विरजण ठरे. आपण विरजणाची वाटी शेजारी मागायला जातो, तोच हा व्यवहार.

आंबवण कोमट आणि सैल ठेवले तर लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्यासारखी सौम्य आंबट चव, वाढते. थंड आणि घट्ट ठेवले तर ॲसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरच्या झोंबऱ्या चवीचा, वाटा वाढतो. पुण्यात मे महिन्यात जे आंबवण पाच-सहा तासांत तयार होते, त्यालाच डिसेंबरात बारा तास लागतात.

दुसरी युक्ती 'झावार्का' या नावाची. शब्दशः अर्थ उकळत्या पाण्याने केलेले वाफवण. आपल्या शब्दांत उकडच. रायचे थोडे पीठ, माल्ट आणि धणेपूड यांवर उकळते पाणी ओतून ते मिश्रण सुमारे ६५ अंशांवर काही तास ठेवायचे. भट्टीत जे अमायलेज शत्रू असते, ते इथे मुद्दाम कामाला लावले जाते. त्या तापमानाला ते स्टार्चची साखर करते आणि पांढरट पिठले गडद, पातळसर आणि चक्क गोड होते. एकाच विकराला एका भांड्यात मोकळे सोडायचे आणि दुसऱ्या भांड्यात आम्लाने बांधायचे, आणि मग दोन्ही भांडी एकत्र करायची: काळ्या पावाची सगळी विद्या या वाक्यात मावते. विकर हा शब्दही नसलेल्या काळात लोकांनी ती नाकाने, जिभेने आणि बोटांनी शोधून काढली होती.

रंग येतो तो मुख्यतः लाल माल्टमुळे. रायला मोड आणून, ओलसर आणि उबदार ठेवून ती काही दिवस मुरू देतात, मग वाळवून दळतात. त्यात विकरे उरत नाहीत. उरतो तो तांबूस-काळा रंग आणि मनुका, भाजलेले कवच आणि काकवी यांची आठवण देणारा वास.

बोरोदिनोची दंतकथा

काळ्या पावांत सर्वांत प्रसिद्ध बोरोदिन्स्की. नेपोलियनच्या सैन्याशी ७ सप्टेंबर १८१२ रोजी बोरोदिनोच्या मैदानावर झालेल्या लढाईत जनरल अलेक्सांद्र तुचकोव पडला. त्याची पत्नी मार्गारीता हिने त्या मैदानावर पतीच्या स्मरणार्थ आधी चर्च आणि पुढे जोगिणींचा मठ उभा केला. या मठातल्या जोगिणींनी श्राद्धासाठी धणे घातलेला काळा पाव भाजला आणि तोच बोरोदिन्स्की, अशी कथा सांगतात.

मठ खरा, मार्गारीता खरी, लढाई खरी. पावाची कथा मात्र दंतकथाच म्हणावी लागते. आज आपण ज्याला बोरोदिन्स्की म्हणतो त्याची पाककृती १९३० च्या दशकातल्या मॉस्कोच्या सरकारी पाव-उद्योगातून आलेली आहे. पुढे सोव्हिएत मानकात तिचे प्रमाण पक्के झाले: १०० भागांत ८० भाग रायचे कोंड्यासकट पीठ, १५ भाग गव्हाचे, ५ भाग लाल माल्ट, त्यावर ६ भाग साखर, ४ भाग काकवीसारखा पाक आणि अर्धा भाग धणे. व्लादिवोस्तोकपासून मिन्स्कपर्यंत एकच चव मिळावी म्हणून हे मानक होते. गंमत अशी, की कारखान्याने ठरवलेल्या या पावाला लोकांनी मठाची वंशावळ जोडून दिली. प्रिय वस्तूचे मूळ एखाद्या समितीत आहे हे मान्य करायला मन तयार नसते.

एकशे पंचवीस ग्रॅम

या पावाचे वजन रशियन मनात किती आहे, हे पाककृतीतून कळत नाही. त्यासाठी लेनिनग्राडकडे जावे लागते. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याचा वेढा पूर्ण झाला आणि तो २७ जानेवारी १९४४ रोजी उठला. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात पावाचा शिधा सर्वांत खाली गेला होता: कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम, कार्यालयीन नोकर, अवलंबून असलेली माणसे आणि मुले यांना १२५ ग्रॅम. त्या पावातही निखळ राय नव्हती. पेंड, सेल्युलोज आणि गोदामांत झाडून काढलेली पिठाची धूळ त्यात मिसळलेली असे. सव्वाशे ग्रॅम म्हणजे आजच्या बोरोदिन्स्कीचे तीन-चार पातळ काप. दिवसभराचे अन्न तेवढेच.

याच शहरात वाविलोवने उभारलेली वनस्पतिसंस्था होती आणि तिच्यात जगभरातून आणलेल्या बियाण्यांचा साठा होता. गहू, राय, तांदूळ, मका, सगळे खाण्याजोगे. तिथल्या कर्मचाऱ्यांनी तो साठा खाल्ला नाही; त्यांतले काही जण बियाण्यांच्या पेट्यांशेजारी उपासमारीने मेले. तांदळाचा अभ्यासक द्मित्री इवानोव त्यांतला एक. स्वतः वाविलोव तेव्हा तिथे नव्हता. १९४० साली त्याला अटक झाली होती आणि २६ जानेवारी १९४३ रोजी सरातोवच्या तुरुंगात तोही उपासमारीने खंगून गेला. तणाचे धान्य कसे झाले हे जगाला सांगणाऱ्या माणसाला अखेरीस पोटभर पाव मिळाला नाही.

त्या पिढीतल्या रशियन घरांत पावाचा तुकडा फेकत नाहीत, तुकडे वाळवून ठेवतात. देश सोडून गेलेल्या रशियनांना परक्या गावात सगळ्यात आधी काळ्या पावाची उणीव जाणवते आणि ती भरून काढण्यासाठी ते घरी भाजू लागतात. पाव-यंत्राचा संबंध इथे येतो.

ओसाकाचा हात

घरगुती पाव-यंत्र हे १९८० च्या दशकात जपानमध्ये जन्मले. १९८५ साली ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीतले अभियंते त्यावर काम करत होते, पण पावाचे कवच करपत होते आणि आत कच्चे राहत होते. यंत्राने मळलेल्या आणि पावकऱ्याने मळलेल्या पिठाच्या क्ष-किरण प्रतिमाही त्यांनी ताडून पाहिल्या. उपयोग झाला नाही. तेव्हा इकुको तानाका ही सॉफ्टवेअर विभागातली अधिकारी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पावकऱ्याकडे शिकायला राहिली. पीठ ओढताना तो त्याला एक विशिष्ट पीळ देतो, हे तिच्या ध्यानात आले. हा पीळ यंत्रात उतरावा म्हणून भांड्याच्या आतल्या बाजूला उंचवटे दिले गेले आणि यंत्र जमले.

इकुजिरो नोनाका यांनी १९९१ च्या लेखात आणि हिरोताका ताकेउची यांच्याबरोबर १९९५ साली लिहिलेल्या ग्रंथात ही कथा सांगितली आणि व्यवस्थापनशास्त्रात ती घरोघरी पोचली. हातातले अव्यक्त ज्ञान शब्दांत आणि मग यंत्रात कसे उतरवता येते, याचा हा नमुना मानला गेला. 'अव्यक्त ज्ञान' ही कल्पना मायकेल पोलान्यी यांची: आपल्याला सांगता येते त्याहून अधिक आपल्याला येत असते. २००७ साली रोद्रिगो रिबेरो आणि हॅरी कॉलिन्स यांनी याच यंत्रावर प्रबंध लिहून वेगळे मत मांडले. त्यांच्या मते गुरूचे ज्ञान यंत्रात गेलेलेच नाही. पावकऱ्याच्या कामातला जो भाग प्रत्येक वेळी सारखाच करायचा असतो तेवढा यंत्र करते. बाकीची पोकळी वापरणारी माणसे आपल्या समजुतीने भरून काढतात.

या वादात राय ही उत्तम साक्षीदार ठरते. यंत्राने शिकलेला पीळ गव्हाच्या ग्लुटेनसाठी आहे. रायमध्ये ताणायला काही नाही, म्हणून त्या पिळाचा तिथे उपयोग नाही. आणि रायसाठी जे लागते, म्हणजे आम्ल पुरेसे झाले की नाही हे ओळखणे, ते त्या भांड्यात कुणी घातलेले नाही.

यंत्राशी जुळवून घेताना

यंत्राचा नेहमीचा क्रम साधारण साडेतीन-चार तासांचा: मळणे, विश्रांती, पुन्हा मळणे, फुगणे, मग पाते फिरवून हवा काढणे, पुन्हा फुगणे आणि तासभर भाजणे. गव्हाला हवा काढलेली सोसते, कारण जाळे पुन्हा वायू धरते. रायचा वायू एकदा गेला की गेला. शिवाय चार तासांत आम्ल तयार होत नाही. तिसरी अडचण सूक्ष्म आहे. रशियन भट्टी आधी लाकडांनी खूप तापवतात, मग पाव आत सरकवतात. पहिला धग जोरदार असतो आणि पुढे भट्टी हळूहळू निवत जाते. यंत्र मात्र थंडीपासून सुरुवात करून हळूहळू तापते. म्हणजे ५५ ते ७५ अंशांचा धोक्याचा टप्पा पीठ यंत्रात अधिक सावकाश ओलांडते आणि अमायलेजला जास्त वेळ मिळतो. भट्टीतल्या पावाला एकवेळ कमी आम्ल चालेल. यंत्रातल्या पावाला ते पुरेपूर हवे.

यंत्रासाठी 'रशियन काळा पाव' म्हणून अमेरिकेत ज्या पाककृती फिरतात, त्या या अडचणी दुसऱ्या मार्गाने टाळतात. त्यांत निम्म्याहून अधिक मैदा असतो, म्हणजे भार ग्लुटेन उचलते. आंबटपणासाठी व्हिनेगर, रंगासाठी कोको आणि कॉफी. पाव चांगला होतो, पण तो काळ्या रंगाचा गव्हाचा पाव असतो.

मी वापरते ती रीत सोव्हिएत मानकाच्या प्रमाणाजवळ राहून यंत्राचे तुकडे पाडते: मळण्यापुरते यंत्र, भाजण्यापुरते यंत्र आणि मधला वेळ आपला.

आंबवणासाठी ५० ग्रॅम राय पीठ आणि ५० ग्रॅम पाणी मिसळून झाकून ठेवावे. रोज त्यातले ५० ग्रॅम घेऊन तेवढेच पीठ आणि तेवढेच पाणी घालत राहावे. चार-पाच दिवसांत त्याला फळासारखा आंबट वास येतो आणि काही तासांत ते दुप्पट फुगू लागते. मग पाव करण्याच्या आदल्या रात्री ३० ग्रॅम आंबवणात १३० ग्रॅम पीठ आणि १३० ग्रॅम पाणी घालून ठेवावे. सकाळी पृष्ठभाग मधोमध किंचित खचू लागला की ते तयार झाले. राहिलेले आंबवण शीतकपाटात पुढच्या वेळेसाठी ठेवावे.

त्याच रात्री झावार्का: ४० ग्रॅम राय पीठ, २५ ग्रॅम लाल माल्ट आणि अडीच ग्रॅम ताजी धणेपूड यांवर २१० ग्रॅम उकळते पाणी ओतून घोटावे. ते ६५ अंशांपर्यंत निवले की आणखी २० ग्रॅम पीठ मिसळावे. उकळत्या पाण्याने आधीच्या पिठातली विकरे मेलेली असतात, या नव्या पिठातली जिवंत असतात. मग हे मिश्रण गरम पाण्याने आधी तापवून घेतलेल्या रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये भरावे. तीन तासांनी चाखले तर गोडी जिभेला सहज कळते. लाल माल्ट मिळाला नाही तर मोड आणून, वाळवून, खरपूस भाजलेले जव दळून घालते. रंग येतो, वास मात्र निम्माच येतो.

सकाळी निवलेली झावार्का, रात्रीचे आंबवण, १९० ग्रॅम राय पीठ, ७५ ग्रॅम कणीक, ३० ग्रॅम साखर, २० ग्रॅम काकवी, ८ ग्रॅम मीठ आणि लागेल तसे ४० ग्रॅमपर्यंत पाणी यंत्राच्या भांड्यात घालून फक्त मळण्याचा क्रम लावावा. दहा मिनिटे पुरतात. कोपऱ्यांत कोरडे पीठ राहते, ते ओल्या उलथन्याने मध्ये ढकलावे. काही यंत्रांना रायसाठी फणीसारखे वेगळे पाते येते. नसले तरी अडत नाही. मिश्रण गोळ्यासारखे दिसणार नाही, थापायच्या शेणाइतके सैल दिसेल, आणि ते तसेच हवे. आणखी पीठ घालण्याचा मोह आवरावा. मिसळले की यंत्र बंद करावे, पाते काढून घ्यावे आणि ओल्या हाताने वरची बाजू गुळगुळीत करावी.

यानंतर दोन ते तीन तास भांडे यंत्रातच झाकून राहू द्यावे. पीठ दीडपट होते आणि वर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसू लागतात. ही छिद्रे म्हणजे खूण. घड्याळ इथे उपयोगाचे नाही. दिसली की फक्त भाजण्याचा क्रम तासाभरासाठी लावावा आणि लागल्यास आणखी दहा मिनिटे. आतले तापमान ९६ ते ९८ अंशांवर गेले की पाव झाला. यंत्रात वरून झळ कमी लागत असल्याने माथा फिकट राहतो; काकवीचे पाणी फासले तर थोडी चकाकी येते. मधल्या काळात वीज गेली तरी बिघडत नाही, कारण तेव्हा यंत्र काही करतच नसते.

मग सर्वांत अवघड पायरी. पाव कापडात गुंडाळून चोवीस तास कापायचा नाही. गरम असताना फुललेला स्टार्च निवताना पुन्हा घट्ट होतो आणि कवच व गर यांतला ओलावा सारखा होतो. लगेच कापला तर उत्तम पावही सुरीला चिकटतो आणि कच्चा वाटतो. दुसऱ्या दिवशी तो सरळ कापला जातो, तिसऱ्या दिवशी चव खुलते आणि आठवडाभर तो टिकतो. आम्लामुळे त्याला बुरशीही उशिरा लागते.

काम कुणाचे

सकाळच्या या रांगेकडे पाहिले तर यंत्राने केलेले काम दहा मिनिटे मिसळणे आणि सत्तर मिनिटे तापणे एवढेच आहे. उरलेला सुमारे दीड दिवस जिवाणूंचा, विकरांचा आणि ते काय करत आहेत हे वासावरून, चवीवरून, छिद्रांवरून ओळखणाऱ्या माणसाचा. रिबेरो आणि कॉलिन्स म्हणतात ती पोकळी गव्हाच्या पावात इतकी लहान असते की दिसत नाही. रायच्या पावात ती भांड्याहून मोठी होते.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी असा मी घेत नाही. चिकट पीठ मिसळण्याचा त्रास ते वाचवते, आणि ज्या घरात भट्टी नाही तिथे एकसारखी उष्णता पुरवते. भारतातल्या बहुतेक घरांत भट्टी नसतेच. दुसरीकडे, ज्या ज्ञानाने हा पाव टिकला ते यंत्राआधीचे आहे आणि यंत्राशेजारीच त्याला राहावे लागते. इडलीचे पीठ आले की नाही हे झाकण उघडताच सांगणाऱ्या, नाचणीची आंबील किती आंबवायची हे ऋतू पाहून ठरवणाऱ्या मराठी हातांना ते शिकायला अवघड जाऊ नये. राय परकी आहे. आंबवण्यातला सबुरीचा भाग परका नाही.